डबी कोण रिकामी करणार?

मागच्या दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तो एक मोठं चौकोनी खोकं घेऊन. ‘आई, डोळे मिट,’ म्हणाला. मला वाटलं साडी असेल. उघडून बघते तर आत एक काळीभोर गोल थाळी! पोळपाटापेक्षा थोडी मोठी, चार बोटं जाड, खाली दोन चाकं आणि कडेला मिशीसारखा एक ब्रश. झाडू मारणारा रोबो. बटण दाबलं की हा आपला आपण घरभर फिरतो, पलंगाखाली जातो, भिंतीला टेकला की वळतो आणि थकला की स्वतःच चार्जिंगला जाऊन बसतो.

बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ? शेजारच्या काकू, त्यांच्या दोन्ही सुना, समोरच्या आजी, सगळ्या बघायला आल्या. ‘बाप्पा, हा तं कासवावानी फिरून राहिला!’ आजींनी पाय वर घेऊन दिवाणावर बैठक मारली ती तो चार्जिंगला जाईपर्यंत खाली उतरल्या नाहीत. लक्ष्मीपूजनाला नवी केरसुणी आणली होती, तिला हळदकुंकू वाहिलं. हे म्हणाले, ‘अगं, यालाही लाव. तोही लक्ष्मीच.’ लावलं. त्याने पाच मिनिटांत कोपऱ्यातली रांगोळी गिळून टाकली.

जाताना मुलगा म्हणाला, ‘आई, तुला आता वाकायला नको. काही करायचं नाही. फक्त बटण दाबायचं.’

हा ‘फक्त’ शब्द मी लग्न झाल्यापासून ऐकते आहे. फक्त चहा टाक. फक्त चार माणसं जेवायला आहेत. मुलाचं मन मोठं आहे, माझ्या गुडघ्यांची त्याला काळजी आहे, यात शंका नाही. पण त्या ‘फक्त’च्या पोटात काय काय असतं ते आपल्याला माहीत असतं, सांगणाऱ्याला नसतं.

पंधरा दिवस साहेब छान फिरले. मग आवाज वाढला. मग मागे रेघा सोडायला लागले. एक दिवस हॉलच्या मधोमध थांबून लाल दिवा लावून बसले. मी मदतीच्या नंबरवर फोन लावला. पलीकडून मुलगी हिंदीत म्हणाली, ‘मॅडम, डस्टबिन क्लीन किया?’ मी म्हटलं, ‘हो, रोज घंटागाडीत टाकते.’ ती थोडा वेळ गप्पच झाली. मला वाटलं होतं की ती स्वयंपाकघरातल्या बादलीबद्दल विचारते आहे! ह्या थाळीच्या पोटातही एक डबी असते, झाडलेला सगळा केर तीत साठतो आणि ती आपणच रिकामी करायची असते, हे मला त्या दिवशी कळलं. माहितीपुस्तिका होती, पण इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरांत. शेवटी शेजारची अकरावीतली पोरगी आली, तिने चित्रं बघून डबी ओढून काढली आणि मी ती तिथेच, हॉलमध्ये, डोक्यावर पंखा गरगरत असताना उघडली.

पुढचं वर्णन करत नाही. पडदे धुवावे लागले.

पण त्या डबीत काय निघालं ते सांगते, कारण मी ते नंतर कागदावर ओतून अर्धा तास बघत बसले होते. वर केसांचा गुंता. त्यात अगरबत्तीची राख, तांदळाचे दोन दाणे, देवापुढच्या झेंडूच्या पाकळ्या, ब्लाउजचं हूक, एक काळा मणी. आणि खाली, सगळ्यात जास्त, पिठासारखी मऊ राखाडी धूळ. चिमटीत धरली तर बोटांना चिकटते अशी.

ती धूळ म्हणजे आपला गोंदिया जिल्हा! आपण धानाच्या मुलखात राहतो. शंभर किलो धान भरडलं की वीसेक किलो तूस निघतं. ते तूस राइस मिलच्या आवारात डोंगरासारखं पडतं, वाऱ्यावर उडतं आणि उकडा तांदूळ करणाऱ्या मिलमध्ये बॉयलरखाली जळतं. जळाल्यावर त्याची पाचव्या हिश्श्याएवढी राख उरते आणि ती बहुतेक सगळी सिलिका असते, म्हणजे वाळूचाच बारीक प्रकार. तिकडे तिरोड्याला 2012 ते 2014 या काळात सुरू झालेलं 3300 मेगावॅटचं कोळशाचं वीज केंद्र आहे, रस्त्यांवर ट्रकांची वर्दळ आहे, उन्हाळ्यात तेंदूपानाचा हंगाम आणि घरोघरच्या बिड्यांची तंबाखू आहे. आपल्याकडे सकाळी पुसलेल्या टेबलावर दुपारी बोटाने नाव लिहिता येतं. ज्यांनी ही यंत्रं आधी बनवली त्यांच्या देशात खिडक्या बंद असतात, जमिनीवर गालिचा असतो. तिथल्या घरात डबी आठवड्याने भरत असेल. तिच्यात मावतो तो केर अर्ध्या लिटरच्या आसपास, काहींत त्याहूनही कमी. आपल्याकडे ती रोजच्या रोज रिकामी करावी लागते, आणि मोर्शीकडच्या बहिणीला विचारलं तर तीही हेच सांगते.

आता जे सांगायचं आहे ते जरा जड जातंय.

आमच्याकडे झाडू-पोछ्याला एक बाई येतात. बऱ्याच वर्षांपासून. माझी दोन्ही बाळंतपणं सोडली तर घरातले सगळे प्रसंग त्यांनी पाहिलेत. रोबो आला त्या आठवड्यात त्या काही बोलल्या नाहीत. दारात उभं राहून त्याच्याकडे बघायच्या, तो जिथून गेला तिथूनच पुन्हा झाडायच्या आणि झाडूच्या टोकावर आलेला केर मला दिसेल असा धरायच्या. महिना संपला तेव्हा पदराने हात पुसत म्हणाल्या, ‘ताई, आता मशीन आली, तं माझं काम बंद का?’

मी ‘नाही हो’ म्हटलं. पण मैत्रिणींनो, खोटं कशाला सांगू, त्या महिन्यात मी त्यांचे तीनशे रुपये कमी केले. झाडू मशीन मारते, तुम्ही फक्त पोछा मारा, असा हिशेब मांडला. (माझ्याही तोंडून ‘फक्त’च निघाला!) आणि वरून एक काम दिलं. मला धुळीने शिंका येतात, दमा नाही पण डॉक्टरांनी जपायला सांगितलंय, म्हणून ती डबी रिकामी करायचं काम मी बाईंकडे सोपवलं.

चार-सहा दिवसांनी मी मागच्या अंगणात वाळवणाकडे गेले होते. बाई मोरीपाशी उकिडव्या बसल्या होत्या. पदर नाकावर धरून ती डबी भिंतीच्या कोपऱ्यावर आपटत होत्या. धूळ त्यांच्या तोंडावरच येत होती. मग खोकल्याची अशी उबळ आली की त्यांना भिंत धरावी लागली. ह्या बाईंनी लहानपणापासून लग्नानंतर कितीतरी वर्षं बिड्या वळल्या आहेत, मांडीवर सूप घेऊन, तंबाखूच्या भुकटीत नाक घालून. छाती आधीच भरलेली. आणि माझ्या नाकात जाऊ नये म्हणून घरभरची जी धूळ मी पंधरा हजारांच्या यंत्राने एका डबीत गोळा केली होती, ती सगळीच्या सगळी एका दमात मी त्यांच्या नाकात घालत होते.

केरसुणीने झाडताना धूळ उडते, पण ती घरभर विखुरते, सगळ्यांच्या वाट्याला थोडी थोडी येते. यंत्र ती दाबून एका जागी साठवतं. त्यातले कण किती बारीक असतात? आपला केस साधारण 50 ते 70 मायक्रॉन जाड असतो. 10 मायक्रॉनच्या आतला कण नाकातून पुढे जातो, अडीचच्या आतला थेट फुप्फुसाच्या तळाशी. तो डोळ्यांना दिसतच नाही. खोक्यावर ‘हेपा फिल्टर’ असं लिहिलेलं असतं. खरा हेपा फिल्टर 0.3 मायक्रॉनचे शंभरातले 99.97 टक्के कण अडवतो. (खोक्यावर ‘हेपा टाइप’ असं असेल तर तेवढी खात्री धरू नका.) म्हणजे यंत्र चालतं तेव्हा हवा त्यातल्या त्यात बरी असते. धोक्याची वेळ एकच, डबी उघडायची. आणि नेमकं तेच काम यंत्र करत नाही. ते माणूस करतं. कोणतं माणूस, हा प्रश्न आहे.

परदेशात यावर तोड काढली आहे. 2018 पासून अशा यंत्रांना जोडून एक उभा खांब मिळू लागला. रोबो त्याच्यापाशी जाऊन उभा राहतो आणि डबीतला केर खांबातल्या पिशवीत ओढला जातो. महिना-दोन महिन्यांनी पिशवी बांधून टाकायची. आता तसे आपल्याकडेही मिळतात, पण किंमत जास्त आणि पिशव्या पुन्हा विकत. गोंदियात त्या पिशव्या मिळतील का, हे आधी विचारून घ्या. नाहीतर एका पिशवीसाठी नागपूरची गाडी पकडायची वेळ यायची.

गंमत बघा, व्हॅक्यूम क्लीनरच्या जन्माच्या गोष्टीतही हीच धूळ आणि हाच खोकला आहे. 1901 मध्ये लंडनच्या ह्युबर्ट सेसिल बूथने पहिलं मोठं यंत्र केलं ते घोडागाडीवरचं होतं. गाडी रस्त्यावर, नळ्या खिडकीतून घरात. ते श्रीमंतांचं काम. घरात वापरता येईल असं यंत्र केलं जेम्स स्पँग्लर नावाच्या माणसाने, अमेरिकेतल्या ओहायो राज्यात. तो होता एका दुकानातला झाडूवाला! त्याला दम्याचा त्रास, गालिचे झाडताना जीव जायचा. त्याने पंख्याची मोटर झाडूच्या दांड्याला जोडली आणि धूळ साठवायला मागे चक्क उशीचा अभ्रा बांधला. 1908 मध्ये त्याला पेटंट मिळालं आणि त्याच वर्षी ते हूव्हर नावाच्या उद्योजकाकडे गेलं. आज जगभर हूव्हरचं नाव आहे, स्पँग्लरचं कुणाला माहीत नाही. आपल्याकडे 1982 पासून टाय लावलेले विक्रेते दारोदार जाऊन व्हॅक्यूम क्लीनर विकू लागले. गादीवरून यंत्र फिरवून पांढऱ्या कपड्यावर निघालेली धूळ दाखवायचे आणि घरातली बाई लाजेने अर्धी व्हायची. तुमच्यातल्या काही जणींना आठवत असेल. ती धूळ पुढे कुठे टाकायची, हे मात्र त्यांनी कधी दाखवलं नाही.

रुथ श्वार्ट्झ कोवान नावाच्या अमेरिकन इतिहासकार बाईंनी 1983 मध्ये एक पुस्तक लिहिलं, ‘मोअर वर्क फॉर मदर’. नावातच सगळं आलं. त्यांचं म्हणणं असं की घरात यंत्रं आली तेव्हा काम कमी झालं ते पुरुषांचं, मुलांचं आणि नोकरांचं. गालिचे अंगणात नेऊन झोडपायला आधी घरातले पुरुष आणि पोरं लागायची. व्हॅक्यूम क्लीनर आला, ते मोकळे झाले आणि सगळं काम एकट्या आईवर आलं, तेही रोजचं. आपल्याकडची आकडेवारी पाहा. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळेच्या सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात रोज सरासरी 299 मिनिटं जात होते आणि जे पुरुष करतात त्यांचे 97. 2024 च्या सर्वेक्षणात बायकांचे 289 झाले. दहा मिनिटं कमी झाली म्हणून आनंद मानावा, तर पुरुषांचेही 97 वरून 88 वर आले होते! मुळात घरकामाला हात लावणारे पुरुष शंभरात सत्तावीस आणि बायका एक्क्याऐंशी.

म्हणून मला वाटतं, घरात यंत्र आणणाऱ्याने बिलाबरोबर हेही ठरवावं की त्याचं पोट कोण साफ करणार. वॉशिंग मशीनची जाळी, मिक्सरची गच्च बसलेली रबरी कड, कूलरची टाकी, पाण्याच्या फिल्टरची कांडी. विकत घेताना चौघं दुकानात येतात. साफ करताना एकटी बाईच मोरीपाशी असते, आणि ती नसेल तर तिने ठेवलेली दुसरी बाई. गाडगेबाबांनी ऋणमोचनपासून पंढरपूरपर्यंत हातात खराटा धरला, गावाच्या नाल्या स्वतः काढल्या, तेव्हा ते काम बायकांचं आहे असं कुणी म्हणायला धजावलं नाही. त्यांच्या नावाने आपल्या राज्यात 2000 साली ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, गावोगावी पुरुषमंडळी खराटे घेऊन फोटोला उभी राहिली. घरातली डबी मात्र फोटोत येत नाही.

आमच्याकडे मी काय केलं ते सांगते. पहिलं म्हणजे बाईंचे तीनशे रुपये परत वाढवले, मागच्या महिन्याचेही दिले. त्या काही बोलल्या नाहीत, मीही नाही. दुसरं, डबी मी माझ्याकडे घेतली. शेजारच्या पोरीकडून पुस्तिका समजून घेतली आणि थोडं चुकतमाकत शिकले. आता एवढं जमतं: रोबो थांबला की लगेच डबी काढायची नाही, दहा मिनिटं धूळ बसू द्यायची. पंखा बंद. नाकावर तिपदरी सुती रुमाल नाही, कोरोनात घेतलेले चांगले मास्क पडून होते तेच. मागच्या अंगणात जाऊन आधी वारा कुठून येतो ते बघायचं आणि वाऱ्याकडे पाठ करायची. धान पाखडायला आपण वाऱ्याचा अंदाज घेतोच की! खाली ओला वर्तमानपत्राचा कागद पसरायचा, डबी त्याच्या अगदी जवळ नेऊन हळूच तिरपी करायची. आपटायची नाही. ओल्या कागदाला धूळ चिकटून बसते, पुडी बांधायची आणि घंटागाडीत.

पुडी बांधण्याआधी एक नजर मात्र टाकायची. दिवेलागणीनंतर केर काढू नये, काढला तर बाहेर टाकू नये, असं आपल्या आज्या सांगायच्या. आम्ही कॉलेजात असताना त्यांना हसायचो. पण कंदिलाच्या उजेडात केराबरोबर नथीतला मोती गेला तर सकाळी शोधायला तो केर घरात हवा, एवढं साधं कारण असणार त्यामागे. माझ्या डबीतला तो काळा मणी माझ्या मंगळसूत्राचाच होता. दोरा उसवलेला मला माहीतच नव्हता. शेजारच्या काकूंच्या सुनेची कानातल्याची फिरकी त्यांच्या घरी नाही, आमच्या डबीत सापडली, रोबो बघायला आली होती त्या दिवसाची.

फिल्टरचं प्रकरण जरा नाजूक आहे. मी उत्साहाने तो नळाखाली धरला, जरा झटकला आणि ओलाच परत बसवला. तिसऱ्या दिवशी घरात पावसाळ्यातल्या गोधडीसारखा वास! आत बुरशी धरली होती. सगळेच फिल्टर धुवायचे नसतात, कागदासारखे असतात ते पाण्याने वाया जातात. ‘वॉशेबल’ लिहिलं असेल तरच धुवा, साबण नको आणि सावलीत पूर्ण एक दिवस वाळू द्या. उन्हात ठेवलं तर प्लास्टिक वाकडं होतं. धुवायचा नसेल तर जुन्या दात घासायच्या मऊ ब्रशने हलक्या हाताने झटका, हेही अंगणातच. दोन-तीन महिन्यांनी नवा लागतो, धुळीच्या गावात त्याआधीच. खालच्या ब्रशला गुंडाळलेले केस आठवड्यातून एकदा कात्रीने कापून काढायचे, कडेचे बारीक डोळे कोरड्या कापडाने पुसायचे. सांडलेलं दूध, ओली मोरी, विझत नाही तोवर अगरबत्तीची राख आणि फुटलेली काच त्याच्या वाटेत येऊ द्यायची नाही. उंबऱ्यातली रांगोळी वाचवायची असेल तर आडवा पाट ठेवा. आणि कधी बॅटरी गेली तर ती केरात टाकू नका, ती लिथियमची असते, गाडीत दाबली गेली तर पेट घेते. विकत घेतली त्या दुकानदाराला परत करा.

तिसरी गोष्ट यांची. रविवारची डबी तुमची, असं मी सांगून टाकलं. आधी म्हणाले, ‘त्यात काय एवढं, फक्त ओतायची तर आहे.’ मी काही बोलले नाही. पहिल्या रविवारी बनियनवर, तोंडाला काही न लावता, मागच्या अंगणात जाऊन वाऱ्याकडे तोंड करून त्यांनी झाकण उघडलं. आत आले तेव्हा भुवया पांढऱ्या. बाई ओट्यापाशी पोछा पिळत होत्या, त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं पण खांदे हलत होते. पुढच्या रविवारी हे मास्क कुठे ठेवलाय ते विचारत आले.